पार्ट बदलण्याआधी मुलीची मूठ बघा

ऐरोलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगी सतरा वर्षांची, उजव्या हाताची. दोन वर्षं १० मीटर एअर पिस्तूल करते आहे. ६०० पैकी ५४० ते ५४८ मध्ये अडकली आहे आणि चुकलेले शॉट बहुतेक डावीकडे खाली जातात. पुढच्या महिन्यात तिला २५ मीटरला घालणार आहेत, तिथे क्लबचं पॉइंट टू टूचं (.२२ बोअरचं, काडतुसाचं) सेमी ऑटोमॅटिक स्पोर्ट पिस्तूल मिळेल. ओळखीच्या एकाने त्यांना यादी करून दिली आहे: नवी ग्रिप (मुठीत धरायचा लाकडी भाग), इलेक्ट्रॉनिक ट्रिगर, नवी मागची साईट (नेम धरायची खाच), बॅरलची म्हणजे नळीची वजनं, आणि जमलं तर वेगळं बॅरल. खर्च लाखाच्या घरात जातोय. आधी काय घ्यावं, असं ते विचारतात.

ग्रिप घ्या. बाकीची यादी सहा महिने कपाटात ठेवा. मी ठाण्यात बावीस वर्षं पिस्तूल शिकवते आहे, त्याआधी स्वतः दहा वर्षं राज्य पातळीवर खेळले. ‘पार्ट बदलू का’ हा प्रश्न माझ्याकडे जितक्या वेळा आला, त्यात निम्म्याहून जास्त वेळा पिस्तुलात काही खोट नव्हती. मूल आणि लाकूड यांचं जमत नव्हतं.

पण ग्रिपवर येण्याआधी कायद्याचं बोलते, कारण यादीतलं ‘वेगळं बॅरल’ वाचून मला खरंच काळजी वाटली. मुलीचं एअर पिस्तूल .१७७ बोअरचं आहे, म्हणजे नळीच्या आतला व्यास .१७७ इंच. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे .१७७ पर्यंतच्या आणि २० ज्यूलपर्यंत ताकद असलेल्या एअर हत्याराला परवाना लागत नाही. तिचं पिस्तूल या मर्यादेच्या पुष्कळ खाली आहे. अर्ध्या ग्रॅमची पेलेट (छर्रा) सेकंदाला दीडशे मीटर वेगाने गेली तर हिशोब सहा ज्यूलच्या आसपास येतो. तेव्हा एअर पिस्तुलाचं लाकूड, साईट, ट्रिगरचा स्क्रू हे घरच्या टेबलावर करता येतं. पॉइंट टू टूचं तसं नाही, ते बंदूकच आहे. १९५९ च्या शस्त्र कायद्यात ‘शस्त्र’ म्हटलं की त्याचे सुटे भागही त्यात धरलेले आहेत. दुरुस्ती आणि रूपांतर हे परवाना असलेल्या माणसाचंच काम, आणि बॅरल आखूड करायला कायद्यात वेगळं कलम आहे. परदेशी दुकानातून बॅरल किंवा स्लाइड कुरियरने मागवण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नका. ते पार्सल कस्टममध्ये अडकेल आणि त्यावर नाव तुमचं असेल. शिवाय पिस्तूल क्लबचं आहे, क्लबच्या परवान्यावर आहे. त्याच्या आतल्या एकाही भागाला क्लबच्या लेखी संमतीशिवाय आणि परवानाधारक आर्मररशिवाय (शस्त्रं दुरुस्त करणाऱ्याशिवाय) हात लागता कामा नये.

लाकडी ग्रिप मात्र तुमच्या मुलीची स्वतःची असू शकते. क्लबला विचारून सराव सुरू होताना एक स्क्रू काढून क्लबची ग्रिप उतरवायची, स्वतःची चढवायची, जाताना परत बदलायची. माझ्याकडे शिकणाऱ्या चार मुली असंच करतात.

आता ग्रिपवर माझा एवढा भर का, ते आकड्यांत सांगते. पुढची साईट मागच्या खाचेत बरोबर मध्ये नसेल, तर ती चूक टार्गेटवर अनेक पटींनी वाढून जाते. एअर पिस्तुलाच्या दोन साईटमधलं अंतर साधारण ३२० मिलिमीटर धरा. पुढची साईट खाचेत ०.१ मिलिमीटर डावीकडे सरकली, की १० मीटरवर भोक ३ मिलिमीटर डावीकडे पडतं. दहाच्या वर्तुळाचा व्यास ११.५ मिलिमीटर, पेलेट ४.५ मिलिमीटरची, आणि नुसती कड लागली तरी दहा मिळतात. म्हणजे मध्यापासून ८ मिलिमीटरपर्यंत सूट आहे. ती सूट साईटच्या पाव मिलिमीटरच्या चुकीतच संपते. २५ मीटरला दहाचं वर्तुळ मोठं आहे, ५० मिलिमीटरचं, पण नियमाने साईटमधलं अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही आणि टार्गेट अडीचपट लांब. हिशोब करून बघा, तिथेही उत्तर पाव मिलिमीटरच येतं. व्हिजिटिंग कार्डाची जाडी साधारण तेवढीच असते.

याउलट साईट आपापसात नीट जुळलेल्या असतील आणि सगळा हातच ५ मिलिमीटर हलला, तर भोकही फक्त ५ मिलिमीटर हलतं. तो शॉट दहाच राहतो. मुलं हात हलतो म्हणून रडतात, पण त्यांचे गुण मनगटाच्या कोनात जातात. आणि मनगट कोणत्या कोनात स्थिरावणार हे लाकूड ठरवतं.

घरी करायची एक परीक्षा आहे. पिस्तूल रिकामं आहे हे दोघांनी बघा, बॅरलमध्ये सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण म्हणून घालायची रंगीत दोरी) राहू द्या, समोर पांढरी भिंत. ती नेहमीसारखी उभी राहील, पिस्तूल पकडेल, डोळे मिटून हात उचलेल, एक श्वास घेईल आणि मग डोळे उघडेल. उघडल्याबरोबर पुढची साईट खाचेत कुठे दिसली तेवढंच तिने सांगायचं, सुधारायचं नाही. असं वीस वेळा. तुम्ही शेजारी बसून वहीत खुणा करा: मध्ये, डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. दोन-चार वेळा इकडे, दोन-चार वेळा तिकडे असं आलं तर तिला पकडीचा सराव कमी आहे. वीसपैकी चौदा-पंधरा वेळा एकाच बाजूला आलं तर लाकूड चुकीचं आहे. प्रत्येक शॉटला ती मनगट वळवून साईट मध्ये आणत असणार. साठ शॉट, सव्वा तास. पन्नासाव्या शॉटला मनगट थकतं आणि मूळ जागी परत जातं. तिच्या शेवटच्या दोन सिरीज (दहा-दहा शॉटचे गट) नेहमी पडतात का, तेही तपासून बघा.

कळव्याची एक मुलगी माझ्याकडे होती, तिचीच गोष्ट सांगते कारण तुमच्या मुलीचं वर्णन हुबेहूब तसंच आहे. शॉट डावीकडे खाली. घरच्यांनी दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून ट्रिगर बदलायचं ठरवलं होतं. मी तिला म्हटलं, “पिस्तूल पकड आणि तशीच थांब.” मी फक्त तर्जनी बघितली. पिस्तुलावर मिडियम ग्रिप होती आणि तिचा हात माझ्या दहा वर्षांच्या भाचीएवढा. पूर्ण पकड घेतल्यावर ट्रिगरवर बोटाचं फक्त टोक पोचत होतं, पेराचा मांसल भाग नाहीच. शिवाय तर्जनीची मुळाकडची बाजू लाकडाला चिकटलेली. अशा बोटाने ट्रिगर सरळ मागे येऊच शकत नाही. टोक त्याला डावीकडे ढकलतं, बोटाबरोबर लाकूड दाबलं जातं आणि नळीचं तोंड हलतं. त्या दिवशी आम्ही एक पैसा खर्च केला नाही. अॅलन कीने ट्रिगरची पट्टी तिच्या रुळावर ४ मिलिमीटर मागे घेतली आणि तर्जनीजवळचं लाकूड कानशीने इतकं घासलं की मधून पोस्टकार्ड सहज सरकेल. पंधरा दिवसांत डावीकडे पडणाऱ्या भोकांचा गोळा मध्यावर आला. त्यानंतर स्मॉल ग्रिप मागवली.

तुम्हीही हेच आधी करून बघा. तिने पूर्ण पकड घेतलेली असताना तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला मांसल भाग ट्रिगरवर, बोट ट्रिगरशी काटकोनात, आणि बाकी बोटाला लाकडाचा स्पर्श नाही, असं झालं पाहिजे. होत नसेल तर ट्रिगरची पट्टी मागे घ्या.

ग्रिप विकत घेताना हाताचं माप घेऊन घ्या, वयावरून किंवा उंचीवरून घेऊ नका. आणि विकत घेतलेली ग्रिप ही शिंप्याकडून कच्चे टाके घालून आलेल्या ब्लाउजसारखी समजा. ती अंगावर घालून बघायची, मग पक्की करायची. सुताराकडे असतो तो गेरू थोडा पाण्यात कालवा आणि तिच्या तळहाताला पातळ लावा. तिने शॉट घेताना पकडते तशी पकड घ्यायची, दहा सेकंद धरायची आणि हात उघडायचा. लाकडावर तांबडं कुठे उमटलं ते बघा. मधल्या बोटाच्या दोन पेरांवर आणि तळहाताच्या मागच्या भागावर दाट रंग हवा, कारण पिस्तूल समोरून मागे असं सरळ रेषेत धरलं जातं. अंगठ्याच्या बाजूला आणि बोटांच्या टोकांना रंग फिका हवा. तिथे दाट आला तर ती कडेने दाबते आहे, आणि कडेचा दाब प्रत्येक शॉटला वेगळा पडतो. तळहाताच्या खळग्यात रंग उमटलाच नाही तर तिथे पोकळी आहे, ती भरायची.

भरायला मी एपॉक्सी पुटी वापरते, एम-सीलसारखी, कोणत्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळते. रंगारी वापरतात ती लांबी किंवा वुड फिलर घेऊ नका, घामाने त्याचा भुगा होतो. पुटी मळून जागेवर लावायची, वर पातळ प्लास्टिकची पिशवी ठेवायची आणि तिला पकड घ्यायला लावायची. तिने नळी भिंतीकडे धरून, हात सरळ करून, खऱ्या उभं राहण्यातच पकडायचं. खुर्चीत बसून पकडलं तर मनगटाचा कोन वेगळा येतो आणि सगळं काम वाया जातं. एका वेळी लाडवाच्या चतकोराएवढीच पुटी. वाळल्यावर कानस, मग ८० नंबरचा काचपेपर. गुळगुळीत करू नका, घाम आला की सटकतं. आणि लाकूड कमी करताना हात फारच आखडता ठेवा, भरलेलं काढता येतं पण घासलेलं परत येत नाही.

खालची तळहाताची फळी सगळ्यात शेवटी लावायची. तिच्यावर हात टेकायचा असतो, तिने हात आवळायचा नसतो. फळी आणि हात यांच्यात कागद अडकून राहील एवढीच जवळीक ठेवा. नियमाने फळी ग्रिपशी ९० अंशांपेक्षा कमी कोनात वळवता येत नाही आणि ग्रिपने हाताला किंवा मनगटाला वेढा घालायचा नाही. जिल्ह्याच्या स्पर्धेत कुणी बघत नाही म्हणून मुलं फळी वर वळवून ठेवतात. मग मोठ्या स्पर्धेत उपकरण तपासणीला तीच ग्रिप अडते आणि मूल रडकुंडीला येतं.

२५ मीटरच्या पिस्तुलाची एक सोय लक्षात घ्या. पार्डिनी, वॉल्थर किंवा फाइनवेर्कबाउच्या स्पोर्ट पिस्तुलांत मॅगझिन ट्रिगरच्या पुढे बसतं. ग्रिपच्या आत मॅगझिन नसल्यामुळे लाकडाला हवा तसा आकार देता येतो. स्वसंरक्षणासाठी घेतलेल्या .३२ च्या पिस्तुलात मॅगझिन मुठीतच असतं, तिथे बाजूच्या दोन पट्ट्यांपलीकडे काही बदलता येत नाही. काही क्लबांच्या शिकाऊ पिस्तुलांतही मॅगझिन मुठीत असतं. म्हणून तुमच्या क्लबचं मॉडेल बघितल्याशिवाय ग्रिप मागवू नका. आणि एअर पिस्तुलाची ग्रिप पॉइंट टू टूवर चढत नाही, ती वेगळीच घ्यावी लागते.

आता ट्रिगर. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर चांगला असतो, नियमात बसतो, पण ५४५ ला त्याची गरज नाही. तिच्या यांत्रिक ट्रिगरमध्ये जे स्क्रू आहेत तेच अजून कुणी नीट लावलेले नसणार. आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाने एअर पिस्तुलाचा ट्रिगर किमान ५०० ग्रॅमचा हवा आणि २५ मीटरचा किमान १००० ग्रॅमचा. हे वजन दोन टप्प्यांत वाटलेलं असतं. पहिला टप्पा मोकळा मागे येतो, मग एक भिंत लागते, भिंतीपलीकडे शॉट. नवी मुलं पहिला टप्पा हलका आणि दुसरा जड ठेवतात, कारण भिंत स्पष्ट लागते. त्या भिंतीवर ती थांबतात, थांबून ‘आता’ म्हणून ओढतात, आणि तिथेच झटका बसतो. मी उलटं लावते. ५०० पैकी साडेतीनशे ते चारशे ग्रॅम पहिल्या टप्प्यात, उरलेलं दुसऱ्यात. बोट भिंतीवर पोचेपर्यंत बहुतेक काम झालेलं असतं. २५ मीटरला १००० मध्येही साधारण तेच प्रमाण ठेवा, म्हणजे बोटाला ओळखीचं वाटेल. शॉट सुटल्यावर ट्रिगर पुढे किती जातो ते ठरवणारा एक थांब्याचा स्क्रू असतो, तो अगदी शून्यावर घट्ट करू नका. धूळ गेली की ट्रिगर सुटेनासा होतो. केसभर मोकळा ठेवा.

आणि वजन बरोबर ५०० वर आणून ठेवू नका. ही चूक मी स्वतः केली आहे. २००३ साली राज्य स्पर्धेला घरून अगदी काट्यावर ५०० लावून गेले. आदल्या रात्री खोलीवर बसून ट्रिगर साफ केला, तेलाचा थेंब टाकला. साफ झाल्यावर घर्षण कमी झालं आणि सकाळी तपासणीच्या टेबलावर वजन उचललं गेलं नाही. तिन्ही प्रयत्न फसले. घाईघाईत स्क्रू आवळला, वजन पास झालं, पण दोन टप्प्यांतली वाटणी बिघडली. बोटाला ट्रिगर ओळखेना. तेव्हा मुलींचे ४० शॉट असत, त्या चाळिसांत मी माझ्या सरासरीपेक्षा सात गुण खाली गेले. तेव्हापासून माझी प्रत्येक मुलगी ५१५ ते ५२० वर लावते आणि स्पर्धेच्या आदल्या दिवशी ट्रिगरला हात लावत नाही. तपासताना नळी वर उभी, ट्रिगरच्या मध्यभागी वजन अडकवून जमिनीवरून सावकाश उचलायचं. एअर पिस्तुलात हवेचा चार्ज चढलेला असताना मोजायचं, रेंजवरही तसंच मोजतात. त्यासाठी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालत नाही, पाचशे ग्रॅमचं टेस्ट वेट विकत घ्या. यादीतल्या सगळ्या गोष्टींपेक्षा स्वस्त आहे आणि दहा वर्षं टिकेल.

पॉइंट टू टूच्या ट्रिगरच्या बाबतीत बाहेरचे स्क्रू सोडून आत काहीही करू देऊ नका. ‘पॉलिश करून मऊ करून देतो’ म्हणणारे लोक भेटतील. ज्या कडांवर घोडा अडकलेला असतो त्या कडा मायक्रॉनच्या हिशोबात बनवलेल्या असतात. त्या घासल्या गेल्या की पिस्तूल हादऱ्याने सुटू शकतं किंवा एका ओढीत दोन गोळ्या जाऊ शकतात. मी हे एका रेंजवर डोळ्यांनी बघितलं आहे. दुसरी गोळी छताच्या पत्र्यात गेली. शेजारच्या लेनवर चौदा वर्षांचा मुलगा उभा होता. ते पिस्तूल त्याच मिनिटाला बंद करून आर्मररकडे पाठवलं आणि पूर्ण ट्रिगर युनिट बदललं.

साईटबद्दल थोडक्यात. मागची साईट नवी घेऊ नका, तिच्या आहे त्या साईटमध्ये खाच रुंद-अरुंद करायचा स्क्रू आहे का ते आधी बघा, बहुतेक असतो. पुढच्या साईटच्या दोन्ही बाजूंना दिसणारी उजेडाची फट मिळून पुढच्या साईटच्या साधारण निम्मी तरी दिसायला हवी. फट फार बारीक ठेवली की डोळा शिणतो. पुढची साईट ४.५ किंवा ५ मिलिमीटरची, काळ्या गोलापेक्षा किंचित अरुंद दिसेल अशी. आणि हे सगळं करण्याआधी तिचे डोळे तपासून घ्या. पुढची साईट कोरीव दिसली पाहिजे आणि टार्गेट धूसर. मुली टार्गेट स्वच्छ दिसावं म्हणून धडपडतात. माझ्याकडच्या दोघींच्या चष्म्याचा नंबर बदलला होता आणि घरी कुणाला पत्ता नव्हता.

बॅरलची वजनं आत्ता अजिबात नकोत. २५ मीटरच्या पिस्तुलाला एकूण १४०० ग्रॅमची मर्यादा आहे आणि ती मर्यादा गाठायलाच हवी असं कुणी सांगितलेलं नाही. वजन पुढे गेलं की नळी कमी उसळते, हे खरं. पण २५ मीटरच्या रॅपिड म्हणजे झटपट मारायच्या टप्प्यात टार्गेट फक्त ३ सेकंद समोर असतं, मग ७ सेकंद नसतं, आणि प्रत्येक वेळी ४५ अंशांवरून हात वर आणून एक शॉट टाकायचा असतो. पुढून जड पिस्तूल वर यायला उशीर करतं आणि वर आलं की थांबत नाही, पुढे निघून जातं. सतरा वर्षांच्या खांद्याला हे एका महिन्यात दुखवेल. तिचा खांदा तयार होऊ दे. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली हातात धरून रोज दहा वेळा, एकेक मिनिट, एवढंच पुरे.

पैसे खर्च करायचेच असतील तर कुठे करावेत तेही सांगते. एअर पिस्तूल तुम्ही जुनं घेतलं आहे असं लिहिलंय. त्याच्या हवेच्या सिलिंडरवरची तारीख आजच वाचा. बनवल्यापासून १० वर्षांपर्यंतच सिलिंडर चालतो, त्यानंतर स्पर्धेत तो वापरू देत नाहीत आणि घरीही भरू नये, आत २०० बारचा दाब असतो. तारीख जवळ आली असेल तर पहिला खर्च तोच. दुसरा खर्च पेलेटचा. ४.४९, ४.५० आणि ४.५१ अशा डोक्याच्या मापाच्या पेलेट मिळतात. एकेक डबी घ्या, पिस्तूल टेकूवर ठेवून प्रत्येक मापाच्या दहा-दहा मारा आणि ज्याचा गोळा सगळ्यात घट्ट येतो तेच माप पुढे वर्षभर घ्या.

पॉइंट टू टूमध्ये अडकणं सुरू झालं की लोक लगेच स्प्रिंग बदला म्हणतात. आधी मॅगझिन बघा. त्याचे ओठ वाकलेले असतात, नाहीतर काडतुसावरच्या मेणाचा आणि शिशाचा थर साचलेला असतो. मग एक्स्ट्रॅक्टरची (रिकामं काडतूस बाहेर ओढणाऱ्या आकड्याची) खाच बघा, तिथेही तोच थर. मागे येणाऱ्या बोल्टची स्प्रिंग काडतुसाच्या ताकदीशी जुळवलेली असते, म्हणून क्लब जे स्टँडर्ड व्हेलॉसिटीचं काडतूस वापरतो त्यावरच राहा, जास्त वेगाचं टाकून पिस्तुलाचे धक्के वाढवू नका. आत रबरी बफर असतात, ते झिजतात आणि ते बदलणं हे क्लबचं काम आहे, फक्त विचारत राहा. फायरिंग पिन, एक्स्ट्रॅक्टर, एक जास्तीचं मॅगझिन हे सुटे भाग क्लबच्या पेटीत आहेत का, हेही विचारा. टोकियो ऑलिम्पिकला २०२१ साली मनू भाकरच्या १० मीटरच्या पिस्तुलात पात्रता फेरी चालू असतानाच बिघाड झाला, मौल्यवान मिनिटं गेली आणि अंतिम फेरी हुकली. तीन वर्षांनी पॅरिसला त्याच १० मीटरच्या प्रकारात तिने कांस्य घेतलं. पिस्तूल कितीही भारी असलं तरी सुटा भाग जवळ असावा लागतो.

पावसाळ्याचं एक सांगायलाच हवं, तुम्ही खाडीच्या काठावर राहता. जून ते सप्टेंबर लाकडी ग्रिप फुगते, बारीकसा फरक पडतो पण हाताला कळतो. पेटीत सिलिका जेलची पुडी ठेवा, महिन्याला बदला. लाकडाला वर्षातून दोनदा जवसाचं तेल बोटाने चोळून कापडाने पूर्ण पुसून घ्या. धातूला फक्त गन ऑइल, तेही पुसून दिसेनासं होईल एवढंच. एका पालकांनी प्रेमाने खोबरेल तेल लावलं होतं. ठाण्यात चाललं. डिसेंबरमध्ये पुण्याला बालेवाडीत पहाटेच्या थंडीत ते आत गोठलं आणि ट्रिगर चिखलात अडकल्यासारखा झाला.

बदल कराल तेव्हा एका वेळी एकच करा आणि वहीत लिहा. तारीख, काय बदललं, स्क्रू किती फेरे फिरवला, कोणत्या बाजूला, आणि पुढच्या सहा सरावांचे गुण. एका दिवसाच्या गुणांवर निर्णय घेऊ नका. चांगला बदलही पहिले चार दिवस गुण पाडतो, कारण हाताला जुन्याची सवय असते. ग्रिप आणि ट्रिगर एकाच आठवड्यात बदलले आणि ती ५३० ला आली तर दोष कुणाचा ते तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही.

राही सरनोबत कोल्हापूरची, २५ मीटर पिस्तूल, २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत सुवर्ण. तुमची मुलगी त्याच प्रकारात उतरते आहे. तिला हे नाव माहीत नसेल तर सांगा.

कोरडा सराव, म्हणजे पेलेट न घालता ट्रिगर ओढायचा सराव, एअर पिस्तुलावरच करा, त्याला तशी ड्राय फायरची सोय असते. पॉइंट टू टू रिकामं चालवू नका, पिन चेंबरच्या कडेवर आपटून कड खराब होऊ शकते. एअर पिस्तूल ऐरोली ते ठाणे लोकलने नेताना कुलूपबंद पेटीत, सिलिंडर काढून, खरेदीचं बिल आणि संघटनेचं ओळखपत्र सोबत ठेवून न्या. पोलिसांनी विचारलं तर पेटी तिथे प्लॅटफॉर्मवर उघडू नका, कागद दाखवा आणि त्यांच्याबरोबर चौकीत जाऊन उघडा.

डोळे मिटून करायची ती परीक्षा या आठवड्यात तीन वेगवेगळ्या दिवशी करा आणि साठ खुणा घेऊन या. ग्रिप भरायचं काम सकाळी उठल्यावर करू नका. तिने आधी अर्धा तास सराव केलेला असावा, कारण सरावानंतर हात किंचित फुगतो आणि स्पर्धेत तिचा हात तसाच असणार आहे. गेरू, पुटी आणि कानस माझ्याकडे आहे. तिचे नेहमीचे शूटिंगचे बूट तेवढे घेऊन यायला सांगा, चपलेवर उभी राहिली तर कोन बदलतो.